पन्हळीची गळती : कारणें व उपाय



पावसाळ्यापूर्वीं घराची निगा करावयाची म्हटलें म्हणजे आपलें लक्ष छपराकडे जातें, भिंतींकडे जातें, खिडक्यांकडे जातें. परंतु छपराच्या कांठाशीं निमूटपणें लोंबत असणाऱ्या पन्हळीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. ती गळूं लागली म्हणजे मग तिची आठवण होते, आणि तीही बहुधा उशिरां. घरांतील भिंतीवर ओल दिसली, रंगाला फोड आले, कीं आपण रंगाऱ्यास बोलावतों. रंगारी भिंत खरवडतो, लांबी भरतो, नवा रंग देतो. आणि पुढच्या आषाढांत तोच डाग त्याच जागीं, पूर्वींपेक्षां हातभर मोठा होऊन, पुन्हां हजर होतो. दुखणें म्हशीला आणि डाग पखालीला, अशी जी आपली म्हण आहे तिचा अर्थ ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यानें अशा भिंतीपुढें जाऊन उभें राहावें. दुखणें बाहेर पन्हळींत असतें; औषध आपण आंत भिंतीला लावीत बसतों.

पन्हळ हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे. संस्कृतांतील 'प्रणाल' ह्या शब्दाचेंच तें घरगुती रूप होय. देवळाच्या गाभाऱ्यांतून अभिषेकाचें तीर्थ बाहेर नेणाऱ्या दगडी नाळेलाही प्रणालच म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत ज्या भिक्षूंनीं वस्ती केली त्यांनीं डोंगरावरील पावसाचें पाणी खडकांत कोरलेल्या पाटांवाटे टांक्यांत आणून सोडलें होतें. पाणी अडविणें ही अर्धी विद्या आणि तें ठरल्या वाटेनें नेऊन पोंचविणें ही उरलेली अर्धी, हें त्या मंडळींना चांगलें ठाऊक होतें. आपल्या घरीं छप्पर पहिलें काम करतें. दुसरें काम पन्हळीचें.

ह्या दुसऱ्या कामाचें महत्त्व खाडीपलीकडील नव्या मुंबईंत फार स्पष्ट दिसतें. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी, आणि मधल्या पट्टींत हें शहर वसलें आहे. महाराष्ट्र सरकारनें १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापून शहराची उभारणी तिजकडे सोंपविली, आणि १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका कारभार पाहूं लागली. खाडीकांठची कांहीं जमीन भरतीच्या पातळीहून सखल. म्हणून भरतीच्या वेळीं पावसाचें पाणी सांठवून ठेवावयाचें व ओहोटी लागतांच तें खाडींत सोडावयाचें, ह्याकरितां येथें धारण तलाव योजावे लागले. म्हणजे शहर वसवितांनाच 'पाणी जाईल कोठून?' ह्या प्रश्नाचा विचार करावा लागला. जो प्रश्न शहराचा, तोच लहान प्रमाणावर प्रत्येक घराचा आहे.

ह्या शहरांत घरांचे प्रकार नानाविध आहेत. मूळच्या आगरी-कोळी गांवांतून मंगळुरी कौलांचीं जुनीं घरें अजून अधूनमधून दृष्टीस पडतात. बेलापूर येथें वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ ह्या काळांत आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत उभी केली. तेथील मूळचीं घरें उतरत्या छपरांचीं, अंगणाभोंवतीं रचलेलीं, आणि शेजाऱ्याशीं सामाईक भिंत नसलेलीं अशीं होतीं. ज्याला त्याला आपलें घर सवडीप्रमाणें वाढवितां यावें हा त्यांतील हेतु. रहिवाशांनीं पुढें घरें वाढविलींही. आतां, घर वाढवितांना जुन्या उताराला नवा उतार येऊन मिळाला, कीं दोहोंच्या मधोमध एक खोलगट पन्हळ घालावी लागते, आणि सर्व पन्हळींत हीच अधिक त्रासाची. कारण दोन्ही बाजूंचें पाणी तिच्यांत येतें आणि ती तुंबली तर पाण्याला घरांत उतरण्यावांचून दुसरी वाटच राहत नाहीं.

तिसरा प्रकार सपाट गच्चीच्या इमारतींचा. गच्ची गळूं लागली म्हणून पुष्कळ गृहनिर्माण संस्थांनीं तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचें छप्पर घातलें आहे. गच्ची कोरडी झाली, सर्वांना हायसें वाटलें. परंतु पूर्वीं जें पाणी गच्चीभर पसरत होतें तें आतां सारेंच्या सारें पत्र्याच्या एका कांठाशीं येऊं लागलें. त्या कांठाला असते ती पन्हळ. छपरावर लाखों रुपये खर्च झालेले असतात, आणि पन्हळ मात्र कंत्राटदारानें उरल्यासुरल्या पत्र्यांतून वांकवून दिलेली असते!

तिच्यावर किती भार पडतो हें एका सोप्या हिशेबानें पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी जमतें. मुंबईच्या परिसरांत पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तितकें टोंक सोडून द्या. जोराच्या सरीला तासास १०० मिलिमीटर हें मान धरूं. छप्पर २०० चौरस मीटरांचें असेल तर त्याच्या कांठाशीं तासाला २०,००० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारें ३३३ लिटर पाणी येतें. ह्यांतील केवळ दहावा हिस्सा एका उसवलेल्या सांध्यांतून गळला, तरी मिनिटागणिक तेहतीस लिटर पाणी, म्हणजे दोन बादल्या, एकाच भिंतीच्या एकाच जागीं ओतलें जातें. कोणतीही भिंत हें फार दिवस सोसणार नाहीं.

कोणी म्हणेल, भिंत भिजली तर भिजली, कार्तिकांत वाळेल. परंतु गोष्ट इतकी साधी नाहीं. काँक्रीटच्या पोटांत लोखंडाच्या सळया असतात. काँक्रीट निर्दोष आहे तोंवर त्याच्या क्षारगुणामुळें सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु वर्षानुवर्षें आंत शिरून हा क्षारगुण कमी करीत जातो, आणि खाडीवरून येणारी खारी हवा त्याच्या साहाय्याला असतेच. मग ओल पोंचली कीं सळई गंजूं लागते. गंज हा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें आंतून रेटा बसतो, काँक्रीटला चीर पडते, गिलावा फुगतो, आणि एखादे दिवशीं छज्ज्याचा तुकडा निखळून खालीं येतो. खालून कोण चाललें आहे हें तो पाहत नाहीं. ह्या शहरांतील पुष्कळ इमारतींनीं तीस-चाळीस वर्षें ओलांडलीं आहेत. तेव्हां हा धोका केवळ पुस्तकांतला नव्हे. पन्हळीची गळती ही रंगाच्या डागाची बाब नसून इमारतीच्या हाडांची बाब आहे, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे पुढील खटाटोप कंटाळवाणा वाटणार नाहीं.

आतां गळतीचें मूळ कसें शोधावें तें पाहूं. पहिला नियम असा कीं, पाणी जेथें दिसतें तेथेंच दोष असेल असें समजूं नये. पन्हळीच्या बुडाखालून, पत्र्याच्या पालथ्या अंगानें, वाशाच्या कडेनें पाणी हातोहात सरकत जातें आणि भलत्याच जागीं ठिबकतें. म्हणून भर पावसांत वर पाहून तर्क करण्यापेक्षां कोरड्या दिवशीं परीक्षा घ्यावी. एकानें वर, एकानें खालीं, असें दोघांनीं मिळून हें काम करावें. प्रथम पन्हळ झाडून स्वच्छ करावी. मग तिच्या उंच टोंकाशीं बादलीभर पाणी सोडावें. तें विनासायास वाहून तोंडाशीं गेलें तर ढाळ ठीक आहे. मध्येंच कोठें डबकें राहिलें तर ढाळ बिघडला आहे. नंतर तोंडांत चिंध्यांचा बोळा घट्ट बसवून दोन बोटें पाणी सांठू द्यावें. त्याहून अधिक भरूं नये, कारण पाणी फार जड असतें व लांब पन्हळीचे आंकडे त्या ओझ्यानें सुटतील. दहा-पंधरा मिनिटें खालून पाहत राहावें आणि जेथें थेंब धरेल तेथें खडूची खूण करावी. ह्या परीक्षेंत एकही थेंब गळला नाहीं आणि पावसांत मात्र गळती होतेच, असें असेल तर दोष पन्हळीच्या अंगांत नाहीं. पाणी तिच्या वरून सांडत आहे किंवा तिच्या मागून उतरत आहे असें समजावें. इतक्या चांचणीनें निम्मा रोग कळून येतो.

गळतीचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे तुंबलेलें तोंड. पन्हळ जेथें उभ्या नळाला मिळते तेथें पानें, धूळ, कबुतरांचीं पिसें, पतंगाचे कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या येऊन अडकतात. पहिल्या सरीबरोबर हा सारा गाळ तोंडाशीं जमतो, पाणी वर चढतें आणि पन्हळीच्या कांठावरून भिंतीकडे सांडतें. ह्या गाळांतच पिंपळाचें बीं रुजतें, आणि त्याचीं मुळें सांध्यांत शिरून तो उकलतात. ह्यावर उपाय अगदीं स्वस्त आहे. तोंडावर तारेची फुगीर जाळी बसवावी. सपाट जाळी बसवूं नये. एक पान आडवें पडलें कीं ती बंद होते. उभा नळ तुंबला असेल तर तो खालून मोकळा करावा. वरून काठी खुपसल्यास गाळ आणखी घट्ट बसतो. नळाचें खालचें टोंक जोत्यापासून दूर, गटारावर अथवा जाळीदार खड्ड्यावर सुटावें. तें भिंतीच्या पायाशीं सोडलें तर वरून वांचविलेली भिंत आपण खालून भिजविली असें होईल.

दुसरें कारण ढाळ बिघडणें. पन्हळ नुसत्या डोळ्यांना सरळ दिसली तरी तिला दर मीटरास तीन ते पांच मिलिमीटर उतार हवा; दहा मीटर लांबीला तीन ते पांच सेंटिमीटर. पन्हळ ज्या आंकड्यांवर बसते ते आंकडे दूरदूर ठोकलेले असतील, किंवा एखादा सुटला असेल, तर मधला भाग लोंबतो व तेथें पाणी सांचतें. सांचलेलें पाणी पत्रा गंजवितेंच, शिवाय आठदहा दिवसांत त्यांतून डांसांची एक पिढी बाहेर पडते. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यावर वाढतो. दुरुस्तीकरितां वरच्या टोंकापासून तोंडापर्यंत दोरी ताणावी, पाणसळ लावून तिला योग्य तो उतार द्यावा, आणि प्रत्येक आंकडा त्या दोरीला जुळवून घ्यावा. दोन आंकड्यांमधील अंतर दोन-तीन फुटांहून अधिक असूं नये. पन्हळ फार लांब असेल तर ती मध्यावर उंच ठेवून दोन्ही टोंकांना तोंडें द्यावीं, हें उत्तम.

तिसरें कारण सांधे. खरें पाहतां पन्हळीचा सरळ भाग क्वचितच गळतो. गळतात ते तिचे सांधे, कोपरे आणि शेवटचीं झांकणें. ह्याचें कारण उन्हांत आहे. वैशाखांतील दुपारीं तापलेला पदार्थ लांबतो आणि पहिल्या सरीनें थंड होतांच आंखडतो. सहा मीटर लांबीची पी.व्ही.सी.ची पन्हळ तीस अंश तापमानाच्या फरकानें सुमारें अकरा मिलिमीटर लांब-आंखूड होते. लोखंडी पत्र्याची तितकीच पन्हळ दोन मिलिमीटरांच्या आसपास. वर्षभर असें चाललें म्हणजे दोन तुकड्यांमधील लुकण फाटतें. म्हणून पी.व्ही.सी.च्या सांध्यांत रबरी पट्टी असते व हलावयास थोडी जागा ठेवलेली असते. ती जागा न ठेवतां जो कारागीर सर्व सांधे पक्के चिकटवून टाकतो तो पुढल्या वर्षाची गळती तेव्हांच पेरून ठेवतो.

पत्र्याचा सांधा दुरुस्त करावयाचा तर पहिली गोष्ट ही कीं, वरच्या बाजूच्या तुकड्याचें टोंक खालच्या तुकड्याच्या आंत आलें पाहिजे. कौलें जशीं एकावर एक चढवितात तसेंच हें. ह्याच्या उलट बसविलेला सांधा कितीही लुकण भरलें तरी गळणारच, कारण पाणी त्याच्या उघड्या तोंडावर येऊन आदळतें. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. जुनें लुकण, डांबर, गंज व शेवाळ तारेच्या ब्रशानें साफ खरवडून जागा पूर्ण कोरडी करावी. जुन्यावर नवा थर चढविणें म्हणजे मळलेल्या जखमेवर पट्टी बांधणें. मग पन्हळीच्या आंतल्या अंगानें, दोन्ही तुकड्यांमध्यें, बाजारांत सीलंट ह्या नांवानें मिळणारें लवचीक लुकण भरावें व रिव्हेट मारून सांधा आंवळावा. येथें एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. ज्या सिलिकोन सीलंटला सिरक्यासारखा आंबट वास येतो तें जस्ती पत्र्यावर वापरूं नये. त्यांतून सुटणारें आम्ल जस्ताला खातें. 'न्यूट्रल' असें लिहिलेलें सीलंट मागून घ्यावें. पूर्वींचे कारागीर अशा सांध्यांना कथील-शिशाचा डाख देत. तो उत्तम टिके, परंतु तें काम जाणणारे हात आतां थोडे उरले आहेत.

चौथें कारण गंज. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा जो मुलामा असतो तो खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत लवकर झिजतो, आणि ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील कारखान्यांच्या जवळपास हवा अधिकच तिखट असते. त्यांतून दोन भिन्न धातु एकमेकांना चिकटून ओले राहिले तर त्यांतील एक दुसऱ्याच्या जिवावर झिजतो. म्हणून जस्ती पत्र्याला तांब्याचें ठिगळ लावूं नये, तांब्याच्या नळांतून ठिबकणारें पाणी त्यावर पडूं देऊं नये. अॅल्युमिनियमची पन्हळ ओल्या सिमेंटांत रुतवून बसवूं नये, कारण सिमेंटाचा क्षार तिला खातो. बारीक भोंक पडलें असेल तर गंज घासून काढावा, गंजरोधक रंगाचा हात द्यावा, आणि त्याच धातूचा तुकडा, भोंकाच्या चहूं बाजूंनीं दोन इंच अधिक ठेवून, आंतून लुकणावर बसवून रिव्हेट मारावे. ब्यूटिल रबराची चिकटपट्टीही चांगली चालते, परंतु तीही आंतूनच. बाहेरून लावलेल्या ठिगळाला पाणी रेटून सुटें करतें, आंतून लावलेल्याला तेंच पाणी दाबून धरतें. पत्रा बोटानें दाबतांच तुटूं लागला असेल तर मात्र ठिगळांचा नाद सोडून पन्हळ बदलावी. चाळणीला ठिगळें लावून घागर होत नाहीं.

पांचवें कारण पुष्कळ चतुर माणसांनाही चकविणारें आहे. पन्हळ निर्दोष, सांधे निर्दोष, तरी भिंत ओली! अशा वेळीं छपराचा कांठ पाहावा. पत्र्याचा किंवा कौलाचा कांठ पन्हळीच्या आंत पुरेसा, निदान दोन इंच, आलेला नसेल तर हलक्या पावसाचें पाणी त्या कांठाला चिकटून उलटें वळतें आणि खालच्या अंगानें भिंतीकडे जातें. मोठ्या सरींत ही गळती कमी व रिमझिमीत अधिक दिसते, ही तिची ओळख. कांठाखालीं पत्र्याची वांकविलेली पट्टी अशी सरकवावी कीं तिचें वरचें टोंक छपराखालीं व खालचें टोंक पन्हळीच्या आंत उतरेल. चार-दोनशें रुपयांच्या ह्या पट्टीनें हजारों रुपयांचा रंग वांचतो. ह्याच्या उलट, मोठ्या सरींतच पाणी कांठावरून उसळत असेल तर पन्हळ अपुरी आहे किंवा नळ थोडे आहेत. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ सुमारें ४० चौरस मीटर छपराचें पाणी वाहून नेऊं शकतो. आपल्या २०० चौरस मीटरांच्या छपराला पांच नळ हवेत. तेथें दोनच असतील तर दोष लुकणाचा नव्हे, हिशेबाचा आहे.

छज्ज्यावर किंवा गच्चीच्या कडेला काँक्रीटचीच पन्हळ असेल तिथें रीत थोडी निराळी. भिंत व तळ जेथें मिळतात त्या कोपऱ्याला गवंडी गोलसर 'वाटा' करतात. तो उखडला असेल तर पुन्हां करून घ्यावा. चीर वरवर न लिंपतां इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडून, धुऊन, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटानें भरावी आणि मग जलरोधक थर द्यावा. शेवटीं तोंड बंद करून दिवसभर थोडें पाणी सांठवून पाहावें, आणि मगच कारागिराचे पैसे चुकते करावे. सळई उघडी पडून गंजलेली दिसली तर मात्र तें काम आपलें नव्हे. जाणत्या अभियंत्यास दाखवावें.

दोन सूचना जिवाच्या आहेत. ओल्या पत्र्यावर कोणीही चढूं नये. शिडी खालून दुसऱ्यानें धरल्यावांचून चढूं नये. पन्हळीजवळून विजेची तार जात असेल तर प्रवाह बंद केल्यावांचून हात लावूं नये. कौल किंवा सिमेंटचा पत्रा माणसाचें वजन पेलील असें गृहीत धरूं नये. वाशांवर फळी टाकून तिच्यावरून चालावें. दुसरें असें कीं, जुन्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांत व पन्हळींत बहुधा अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ते श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास अतिशय घातक. असा पत्रा कोरडा कापूं नये, घासूं नये, फोडूं नये. भेग असेल तर वरून पट्टी लावावी, आणि काढावयाचाच असेल तर भिजवून, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून, अखंड उतरवावा.

आतां प्रश्न राहिला, हें करावें कोणी? गच्चीखालचा रहिवासी म्हणतो संस्थेनें करावें. तळमजल्यावरचा म्हणतो, माझें घर कोरडें आहे, मीं वर्गणी कां द्यावी? महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्यामुळें होणारी गळती, गच्ची आणि बाहेरील भिंती यांची दुरुस्ती संस्थेनें आपल्या खर्चानें करावयाच्या कामांत गणली आहे. नियम असा आहे, आणि नियमामागें शहाणपणही आहे. वरच्या मजल्यावर गंजलेली सळई तळमजल्यालाही तितकीच परकी नाहीं. इमारत एक आहे. पाण्यानें आज वरच्या घराचा रस्ता धरला असेल. त्याचा उतार खालींच आहे, हें तळमजल्यानें विसरूं नये.

आणि करावें केव्हां? मुंबईंत मोसमी पावसाचें आगमन साधारणतः ११ जूनच्या सुमारास धरतात. सीलंटला कोरडी जागा लागते व सुकावयास अवधि लागतो. म्हणून चैत्र-वैशाख हाच दुरुस्तीचा काळ. एप्रिलांत पन्हळ झाडावी व पाणी सोडून परीक्षा घ्यावी, मे महिन्याच्या मध्यापर्यंत दुरुस्ती आटपावी, आणि महिन्याच्या अखेरीस पुन्हां एकदां पाणी सोडून पाहावें. पहिल्या दोन-तीन सरींनंतर तोंडाची जाळी मोकळी करावी, श्रावणांत एकदां पाहावी, आणि दिवाळीनंतर गाळ काढून पन्हळ कोरडी ठेवावी. भर पावसांत गळती उद्भवलीच तर ब्यूटिलची पट्टी लावून वेळ भागवावी, परंतु ती पट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे, मुदत मागून घेतली आहे, हें स्मरणांत असावें.

एकूण तात्पर्य थोडक्यांत सांगावयाचें तर असें : तोंड मोकळें, ढाळ बरोबर, सांधा लवचीक, कांठ पन्हळीच्या आंत, आणि नळ हिशेबानें. ह्या पांच गोष्टी वर्षांतून एकदां कोणीतरी नेमानें पाहिल्या, आणि कोणीं पाहावयाच्या हें संस्थेच्या सभेंत नांव घेऊन ठरविलें, तर बहुतेक घरांतील ओलीचा प्रश्न रंगाऱ्याला न बोलावतांच सुटेल. ह्या रविवारीं उजेडीं आपल्या इमारतीच्या बाहेर येऊन एकदां मान वर करून पाहा. भिंतीवर काळसर-हिरवा पट्टा कोठून खालीं उतरला आहे तें पाहा, आणि त्याच्या माथ्याशीं, वर, पन्हळीचा सांधा किंवा तोंड आहे कां, एवढें ध्यानांत घ्या. कामाला आरंभ तेथूनच करावयाचा आहे.